अर्धवेळ तंत्रप्रमुख

जालन्याच्या एमआयडीसीतला सळयांचा कारखानदार भट्टीबद्दल बोलू लागला की ऐकत राहावं. कॉम्प्युटरचा विषय निघाला की मात्र तो हिशेब ठेवणाऱ्या 'टॅलीवाल्या पोराला' हाक मारतो. अशा कारखान्यांचं तंत्रज्ञान मी अर्धवेळ सांभाळतो. पूर्णवेळ सीटीओचा, म्हणजे तंत्रज्ञानाचे निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याचा, पगार लहान उद्योगाला झेपत नाही. खरं तर त्याला रोज पुरेल एवढं कामही तिथं नसतं.

माझं पहिलं काम खरेदी थांबवणं! विक्रेता नवं ईआरपी, म्हणजे सगळा कारभार एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, गळ्यात मारायला येतो, तेव्हा मी विचारतो: वजनकाट्याची नोंद थेट बिलात येईल का? उद्या तुम्हाला सोडलं तर आमचा डेटा परत मिळेल का? मग मालकाला विचारतो, बॅकअप शेवटचा कधी उघडून पाहिला? इथं बहुतेकदा शांतता पसरते.

१ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर उलाढाल असलेल्यांना व्यापाऱ्यांमधल्या विक्रीसाठी ई-इन्व्हॉइस सक्तीचं झालं. सायबर हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत 'सर्ट-इन' या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवायचं. हे ओझं त्या पोरानं का वाहावं?

अर्धवेळ तंत्रप्रमुख नेमताना करारात कामाचे दिवस, अधिकार, गुप्तता स्पष्ट लिहा. पासवर्ड आणि परवाने कंपनीच्याच ताब्यात ठेवा. विक्रेत्याकडून कमिशन घेणारा सल्लागार मात्र दारातूनच परत पाठवा.