काच साफ करणारा मासा

मी पडले कॉन्व्हेंटवाली, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. विषय मात्र माझ्या चांगल्या ओळखीचा आहे : सकर फिश.

सिडकोतल्या आमच्या घरी दोन फुटी टाकी आहे. ‘हा टाकला की टाकी धुवायची कटकट संपली,’ असं सांगून दुकानदाराने बोटाएवढा सकर दिला. मीही खूष! पण हा दक्षिण अमेरिकेतला मासा काचेवरचं शेवाळ खातो, बाकीच्यांची घाण नाही. उलट स्वतःच भरपूर घाण करतो.

त्या घाणीतून अमोनिया तयार होतो. माशांसाठी ते विषच. खरे सफाई कामगार म्हणजे फिल्टरच्या स्पंजमधले बॅक्टेरिया. काही अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट, जे बरंच कमी घातक असतं. नव्या टाकीत त्यांचा जम बसायला चार ते सहा आठवडे लागतात. मला हे कुठे ठाऊक? मी स्पंज नळाखाली स्वच्छ पिळून धुतला. क्लोरिनने बॅक्टेरिया मेले आणि तीन दिवसांत माझे चारही गोल्डफिश गेले. सकर तेवढा वाचला.

आता मी दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलते आणि स्पंज त्या काढलेल्या पाण्यातच हलका खळबळते. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं, म्हणून बादली आधीच भरून एक दिवस उघडी ठेवते, म्हणजे क्लोरिन उडून जातो. सकर रात्रीचा प्राणी, त्यामुळे लाइट बंद केल्यावर तळाशी बुडणारी गोळी नाहीतर उकडलेल्या काकडीची चकती टाकायची. लपायला लाकडाचा ओंडका हवाच.

दोन वर्षांत पठ्ठ्या दहा इंचांचा झाला. हा फूट-दीड फूटही होतो! टाकीत वळता येईना. पप्पा म्हणाले, ‘सलीम अली सरोवरात सोडून देऊ, बिचारा मोकळा होईल.’ मलाही पटलं होतं. मग उजनी धरणाबद्दल वाचलं. लोकांनी असेच ‘मोकळे’ केलेले सकर पाण्यात वाढतात, काठाच्या मातीत बिळं करून अंडी घालतात. तिथल्या मच्छिमारांच्या जाळ्यात ते अडकतात, खरबरीत काटेरी अंगाने जाळी फाटते आणि बाजारात त्यांना गिऱ्हाईक नाही. आपली दया, भुर्दंड त्यांना! शेवटी ओळखीच्या एका काकांच्या पाच फुटी टाकीत त्याची सोय लावली.

कॅटफिशच हवा असेल तर छोट्या टाकीला कोरीडोरस घ्या. दोन-अडीच इंचांचा, कळपात रमणारा. किमान सहा आणा. तळाला बारीक वाळू घाला, टोकदार खडीने त्याच्या मिशा झिजतात. आणि हॉस्टेलच्या रूमवर काचेच्या भांड्यात सकर ठेवायचा विचार असेल तर एवढंच विचारते : फायनल इयरनंतर तो जाणार कुठे?