जुना देऊन सेकंड ट्रॅक्टर घेताना : गैरसमज आणि वस्तुस्थिती

खर्ड्यात ज्याच्या दारात पंधरा-वीस वर्षांचा पस्तीस एचपीचा ट्रॅक्टर उभा आहे, तो शेतकरी आता मोठा घ्यायचा म्हणतो तेव्हा नवा कोरा घेणं प्रत्येकाला झेपत नाही. जुना द्यायचा, वर पैसे घालायचे आणि चार-सहा वर्षं वापरलेला पंचेचाळीस-पन्नास एचपीचा आणायचा, असा बहुतेकांचा बेत असतो. जामखेड तालुक्यातलं हे गाव बीड आणि धाराशिवच्या सीमेला लागून आहे. त्यामुळे बघायला मिळणाऱ्या ट्रॅक्टरांवर एमएच १६, एमएच २३, एमएच २५ असे तिन्ही क्रमांक असतात. माल पुष्कळ आणि सल्ले त्याहून जास्त. त्यातले काही सल्ले सरळ चुकीचे आहेत, आणि चूक लक्षात येते ती ऐन पेरणीत.

“एचपी जास्त, म्हणजे काम जास्त”

कंपनी सांगते तो एचपी इंजिनाचा असतो. रोटर, मळणी यंत्र, ब्लोअर ही यंत्रं पीटीओवर चालतात आणि तिथपर्यंत पोहोचते ती साधारण ८५ टक्के ताकद. म्हणजे ४५ एचपीच्या ट्रॅक्टरचा पीटीओला मिळणारा जोर ३८ एचपीच्या आसपास. म्हणून रोटर घेताना ‘माझा पंचेचाळीसचा आहे’ एवढं सांगून भागत नाही. ढोबळ हिशेब असा की पाच फुटी रोटरला ३५ ते ४० एचपीचा आणि सहा फुटीला ४५ ते ५० एचपीचा ट्रॅक्टर लागतो.

नांगराला तर एचपीबरोबर वजनही लागतं. मागच्या चाकांवर पुरेसा भार नसेल तर चाक जागेवर फिरतं, डिझेल जळतं आणि टायर झिजतो, पण नांगर पुढे सरकत नाही. टायरमध्ये पाणी भरतात, चाकांना वजनं लावतात, ती त्यासाठीच.

‘चार सिलिंडरचा दमदार, तीनचा हलका’ हाही असाच समज. महिंद्रा ५७५ ला चार सिलिंडर आहेत आणि इंजिन २,७३० सीसीचं. स्वराज ७४४ ला तीनच सिलिंडर, पण इंजिन तीन हजार सीसीच्या वरचं. जॉन डिअर ५३१० हा ५५ एचपीचा ट्रॅक्टरही तीन सिलिंडरवरच चालतो. सिलिंडर मोजून ताकद कळत नाही.

आपल्याकडे बालाघाटाच्या उतारावर मुरमाड जमीन आहे आणि ओढ्याकाठी काळी. काळ्या रानात दोन फाळी पलटी नांगर स्वतःच घालायचा असेल तर ४५ ते ५० एचपी हवेच. पण ज्याची आठ-दहा एकर हलकी जमीन आहे, ज्वारी, तूर, उडीद एवढीच पिकं आहेत आणि नांगरट वर्षातून एकदा, त्याने ती नांगरट भाड्याने करून घ्यावी आणि ४० एचपीचा चांगला ट्रॅक्टर शोधावा, असं माझं स्पष्ट मत आहे. मोठ्या ट्रॅक्टरचं डिझेल, टायर आणि दुरुस्ती वर्षभर मोठीच लागते.

“मीटर कमी फिरलाय”

जुन्या ट्रॅक्टरांचा तासांचा मीटर केबलवर चालतो आणि इंजिनाच्या फेऱ्यांवरून तास मोजतो. कमी रेसवर तासभर चाललं तरी मीटरवर पूर्ण तास चढत नाही. केबल तुटली की मीटर थांबतो, आणि तुटलेली केबल महिनोन् महिने तशीच राहिलेली असते. म्हणून मीटर वाचून झाला की बाकीचं लोखंड वाचावं. क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर किती झिजलंय? स्टिअरिंग किती मोकळं फिरतं? लिफ्टच्या दांड्यांची भोकं गोल आहेत की लांबट झालीत? पीटीओ शाफ्टचे दाते जाड आहेत की धारदार?

टायरच्या बाजूला चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. २३२२ म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा. ट्रॅक्टर २०१९ चा, मीटर दीड हजार तासांचा आणि मागचे टायर २०२२ चे, असं दिसलं तर टायर एवढ्या लवकर का बदलावे लागले, हे मालकाला विचारायलाच हवं.

“कारखान्यावर चाललेला आहे, नांगर कधी लावलाच नाही”

या भागात हे वाक्य सगळ्यात जास्त ऐकू येतं, आणि सगळ्यात जास्त फसवतं. जामखेड, पाटोदा, आष्टी, भूम हा ऊसतोड मजुरांचा आणि ऊस वाहतुकीच्या करारांचा पट्टा. गाळप हंगाम संपला की वाहतुकीवर चाललेले ट्रॅक्टर विक्रीला येतात. विकणारा सांगतो, डांबरी रस्त्यावर चाललाय, इंजिन ताजं आहे. इंजिनापुरतं ते बऱ्याचदा खरंही असतं. त्रास मागे असतो.

दोन ट्रॉल्या उसाने भरून ओढताना सगळा ताण क्लच, गिअरबॉक्स आणि मागच्या हौसिंगवर येतो. ओल्या फडातून भरलेली ट्रॉली बाहेर काढायची तर क्लच अर्धा दाबून, पुन्हा पुन्हा झटका देऊन काढतात. क्लच प्लेट तिथेच जळते आणि दात्यांवर घाव बसतात. घाट उतरताना मागून रेटणारा भार ब्रेकवर येतो. ट्रॉलीच्या ओढीने पुढचं तोंड उचलतं म्हणून पुढे जादा वजन बांधतात, त्याचा मार पुढच्या ॲक्सलला बसतो.

असा ट्रॅक्टर ओळखता येतो. मागच्या टायरची नक्षी मधोमध सपाट झालेली असते, कारण डांबर टायरचा मधला भाग खातं. ट्रॉली जोडायच्या हुकाचं भोक लांबट झालेलं असतं, किंवा तिथे जाड पट्टी वेल्डिंग करून बसवलेली असते. उलट पीटीओचे दाते आणि लिफ्ट जवळपास नव्यासारखे दिसतात, कारण ते फारसे वापरलेलेच नसतात. घेणारा लिफ्ट लावून बघतो आणि खूश होतो. मागचं काम मात्र निघालं तर ट्रॅक्टर मधून उघडावा लागतो आणि तो खर्च मोठा असतो.

म्हणून हा ट्रॅक्टर घेऊच नये असं नाही. मागचं काम निघणार असं धरून किंमत ठरवावी आणि चाचणी अंगणात न करता चढावर, भरलेली ट्रॉली लावून करावी. क्लचची परीक्षा सोपी आहे: मोकळ्या जागी ब्रेक पक्का दाबून वरचा गिअर टाकायचा आणि क्लच हळूहळू सोडायचा. इंजिन बंद पडलं तर क्लच धरतोय, चालूच राहिलं तर प्लेट घसरतेय.

“एका हाफात चालू होतो”

आपण पोहोचण्याआधी दोन तास चालवून ठेवलेला ट्रॅक्टर एका हाफात चालू होणारच. जाताच रेडिएटरला हात लावावा. गरम असेल तर थांबावं, चहा घ्यावा, पूर्ण गार झाल्यावरच चालू करायला सांगावं. चालू झाल्यावर ऑइलचं झाकण काढून बघावं. तिथून धूर जोरात फुसफुसत असेल तर रिंग-लायनर झिजलेत. सायलेन्सरमधून सतत निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. भार पडल्यावर काळा धूर येणं एअर फिल्टर किंवा डिझेल पंपाचं असू शकतं आणि ते तुलनेनं स्वस्तात निघतं. गिअरबॉक्सचं ऑइल दुधासारखं दिसलं तर आत पाणी गेलेलं आहे. नव्या रंगावर भाळू नये. रंगाखाली ऑइलची गळती काही दिवस लपून राहते.

“जुन्या कंपनीचं लोखंड ते लोखंड”

एचएमटी वापरलेल्या माणसाला त्या ट्रॅक्टरचं प्रेम असतं आणि ते समजण्यासारखं आहे. पण एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला. अशा मॉडेलचा सुटा भाग मिळवायला लांब जावं लागतं, आणि जूनमध्ये वापसा आल्यावर गेलेला दिवस परत मिळत नाही. स्वराज २००७ पासून महिंद्राकडे आणि आयशर २००५ पासून टॅफेकडे आहे. पण मालक एक झाला म्हणून सुटे भाग एकमेकांना बसत नाहीत. मॉडेल ठरवण्याआधी जामखेडच्या स्पेअर दुकानात जाऊन त्याची क्लच प्लेट आणि हायड्रॉलिकचा भाग त्याच दिवशी मिळतो का, हे विचारून यावं.

५० एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून प्रदूषणाचे कडक नियम लागू झाले आणि त्यांच्यात इलेक्ट्रॉनिक डिझेल पद्धत आली. ती गावातल्या मेकॅनिकच्या पान्याने उघडत नाही. त्याआधीचा मोठा ट्रॅक्टर साध्या पंपाचा असतो, आणि आपल्या भागात ही जमेची बाजू आहे.

जुन्या ट्रॅक्टरची अवजारं मोठ्याला जशीच्या तशी लागतील हेही गृहीत धरू नये. लहान ट्रॅक्टरच्या खालच्या दांड्यांना साधारण २२ मिलिमीटरची पिन असते, मोठ्याला २८ ची. बुश घालून जोडता येतं, पण पस्तीस एचपीसाठी बनवलेली पेरणीपेटी किंवा हलका नांगर पन्नासच्या ओढीने वाकतो. अवजारांचा खर्च ट्रॅक्टरच्या किमतीतच धरावा.

“पंधरा वर्षं झाली की भंगार” आणि “स्टॅम्प केला की झालं”

पहिली अफवा दिल्ली परिसरातल्या दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांच्या बंदीवरून पसरली. शेतीच्या ट्रॅक्टरची नोंदणी १५ वर्षांची असते आणि तपासणीत पास झाल्यास पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. मात्र मुदत संपलेला ट्रॅक्टर घेतला तर ते काम आणि तो खर्च आपल्यावर येतो, म्हणून आरसीवरची तारीख बघावी.

दुसऱ्या समजाबद्दल मला खरी काळजी वाटते. आरटीओत नाव बदललं नाही तर पाचशेच्या स्टॅम्पपेपरवरचा व्यवहार अर्धाच राहतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं असतं. फॉर्म २९ आणि ३० त्यासाठी आहेत. बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हवा. हप्ते फिटलेत असं नुसतं तोंडी ऐकून विसार देऊ नये. आरसीवर फायनान्स कंपनीचं नाव आहे का, ते वाहन क्रमांक टाकून मोबाईलवर तपासता येतं. चेसिस आणि इंजिन क्रमांक स्वतः घासून, आरसीशी जुळवून बघावेत.

आणि बदलून घेणाऱ्याने दुसरी बाजूही बघावी, ती म्हणजे आपण दिलेला जुना ट्रॅक्टर. एक्स्चेंजमध्ये तो यार्डात सोडला, तिथून कुणी नेला, आपल्याला ठाऊक नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ या प्रकरणात स्पष्ट केलं, की नोंदीवर ज्याचं नाव तोच मालक आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची. त्या प्रकरणातली गाडी अपघाताआधी अनेक हातांतून गेली होती आणि नोंद मात्र पहिल्याच नावावर होती. ट्रॉलीच्या अपघातात भरपाई किती होते, ते खेड्यात सगळ्यांना माहीत आहे. जुन्याचं नाव बदलल्याची पावती हातात येईपर्यंत हिशेब पूर्ण करू नये.

“सेकंड नेहमीच स्वस्त”

२२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ट्रॅक्टरचे टायर आणि सुटे भाग १८ वरून ५ वर आले. नव्याची किंमत उतरली की दोन-तीन वर्षं वापरलेल्या ट्रॅक्टरचा जुना भाव टिकायला नको, पण विकणारे तोच सांगतात. यांत्रिकीकरणाच्या योजनेतलं अनुदानही नव्यालाच आहे, आणि सेकंड ट्रॅक्टरच्या कर्जाला व्याज सहसा जास्त लागतं. म्हणून विसार देण्याआधी त्याच मॉडेलच्या नव्या ट्रॅक्टरचा भाव शोरूममधून लेखी घ्यावा, त्यातून मिळू शकणारं अनुदान वजा करावं, सेकंडच्या किमतीत टायर, क्लच, नाव बदलण्याचा खर्च आणि व्याजाचा फरक मिळवावा. वापरलेला ट्रॅक्टर दोन-तीन वर्षांचाच असेल तर हे दोन आकडे बरेच जवळ येतात. सात-आठ वर्षांचा, शेतातच चाललेला, एका घरातला ट्रॅक्टर असेल तर सेकंडचा फायदा अजूनही ठळक आहे.