बागेसाठी वारली पाटी

गच्चीवरच्या किंवा अंगणातल्या बागेत स्वतः रंगवलेली पाटी लावायची असेल, तर वारली शैलीसारखी सोपी आणि देखणी शैली नाही. त्रिकोण, वर्तुळ आणि रेघा एवढ्यावर माणसं, झाडं, पाखरं सगळं उभं राहतं.

पॅकिंगच्या खोक्याची पाइनची जुनी फळी पुरते. खिळे काढून आधी १२० आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. प्रायमरचा एक हात द्या, तो वाळल्यावर गेरू रंगाच्या अ‍ॅक्रिलिकचे दोन हात. पारंपरिक वारली चित्र तांदळाच्या पिठाने, बांबूची काडी चेचून काढतात. पण ते पीठ पावसात टिकत नाही, म्हणून इथे पांढरा अ‍ॅक्रिलिक आणि बारीक ब्रश वापरा. नाव मधोमध, भोवती तारपा या वाद्यावरचा नाच किंवा वेली. वारली लग्नात भिंतीवर काढतात तो देवचौक मात्र पाटीवर काढू नये, असं मला मनापासून वाटतं. तो पूजेचा आहे.

खरी परीक्षा जून ते सप्टेंबरची. फळी कुजते ती बहुतेक कापलेल्या कडांपासून, कारण तिथूनच ती पाणी पिते. म्हणून बाहेर वापरायच्या व्हार्निशचे तीन हात द्या, कडांना आणि मागच्या बाजूलाही. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्या. लाकूड थेट मातीत पुरू नका, लोखंडी सळईवर बसवा.

वारली कला भिंतीवरून कागदावर आणून जगभर पोहोचवणारे जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. रंगवायला बसण्याआधी त्यांची चित्रं नक्की बघा.