उन्हाचा पारा आणि वटवाघळांचा संसार

यमुनाकाठच्या नोएडात मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तर जानेवारीच्या धुक्यात तो पाच अंशांपर्यंत उतरतो. कोकणकिनाऱ्यावर समुद्र या दोन्ही टोकांना आवर घालतो. म्हणूनच खाऱ्या पाण्यावर पोसणारी, कडाक्याची थंडी न सोसणारी खारफुटी कोकणात फोफावते. नोएडालगतच्या ओखला पक्षी अभयारण्याच्या पाणथळीत ती आढळत नाही.

हवामान वनाचे रूप ठरवते आणि वन तेथील वटवाघळांचे. महाराष्ट्राने ऑगस्ट २०२० मध्ये राज्य कांदळवन वृक्ष म्हणून घोषित केलेली पांढरी चिपी सायंकाळी फुलते. सकाळपर्यंत तिचे पुंकेसर गळू लागतात. एका रात्रीच्या या मुदतीत मधाच्या ओढीने येणारी वटवाघळे आणि निशाचर पतंग परागीभवन उरकतात. कीटकभक्षी वटवाघळे त्याच वनावर डास व पतंग टिपतात. पावसाची झड लागली, की कीटकांचे उडणे मंदावते आणि त्यांची उपासमार होते.

मोठे फलाहारी वटवाघूळ मात्र कोकणात आणि उत्तरेतही नांदते. ते गुहेत नव्हे, तर उंच वृक्षांवर उघड्यावर लटकते. उष्मा वाढला, की ते पंखांनी वारा घेते, अंगाला लाळ माखते. या उपायांनाही मर्यादा आहे. ४ जानेवारी २०१४ रोजी ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड प्रांतात पारा ४२ अंशांपलीकडे गेला आणि एकाच दिवसात त्यांची ४५ हजारांहून अधिक भाईबंद वटवाघळे दगावली. मे २०२० मध्ये गोरखपूर जिल्ह्यातील बेलघाट येथेही वटवाघळे मृत्युमुखी पडली. बरेलीच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने तपासणीअंती अतिउष्णतेचे कारण दिले.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने फलाहारी वटवाघळांना उपद्रवी ठरवले होते. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच वगळली. परंतु कायदा सावली देऊ शकत नाही. ती वड, पिंपळ, उंबर यांसारखे जुने वृक्ष आणि जवळचा पाणवठाच देतो.

फलाहारी मादीला वर्षाकाठी बहुधा एकच पिल्लू होते. म्हणजे या ठेवीवरील व्याज अगदी संथ गतीने जमते. मुद्दल मात्र एका दुपारीच बुडू शकते. नोएडातील जुना पिंपळ असो वा कोकणातील चिपी, त्यांची राखण ही या ठेवीचीच राखण आहे.