मोठा कंप्रेसर घेण्याआधी पाईप पाहा

सोफ्याच्या कारखान्यात हवेची स्टेपल गन पिन अर्धवट ठोकते. चपलांच्या कारखान्यात सोल दाबणारे प्रेस सावकाश खाली येते. कारागीर म्हणतो, "शेठ, हवा कमी पडतेय." शेठ मोठ्या कंप्रेसरचा भाव काढतात आणि कित्येकदा त्यासाठी व्याजाचे कर्ज डोक्यावर घेतात. नवा कंप्रेसर बसतो, तरी पिन अर्धवटच! अशा वेळी दोष बहुधा मधल्या पाईपात असतो.

हवेच्या सिलिंडरचा हिशेब सोपा आहे. पिस्टनच्या तोंडाचे क्षेत्रफळ गुणिले हवेचा दाब, तेवढा जोर. ५० मि.मी. व्यासाच्या पिस्टनवर दर चौरस सेंटीमीटरला ६ किलो दाब आला तर सुमारे ११८ किलोचा जोर मिळतो. दाब ४ किलोवर उतरला की जोर ७८ किलोवर येतो. घर्षणात जाते ते वेगळेच.

हा दाब वाटेत कुठे जातो? पाईपातून धावणारी हवा आतल्या भिंतीला घासते, वळणावर घुसळते, अरुंद कपलिंगमध्ये अडते. तिथे तो खर्च होतो. हवा स्थिर असेल तर घासणे नाही आणि घटही नाही. आपली फसगत होते ती इथेच. काम बंद असताना मशीनजवळचा गेज पूर्ण ७ दाखवतो आणि आपण लाईन ठीक आहे असे समजतो. सोलचे प्रेस टेकून थांबले की थोड्या वेळाने त्यालाही पूर्ण दाब मिळतो, तिथे फक्त वेळ जातो. गनला मात्र चालत्या क्षणीच जोर हवा असतो, थांबायला तिला सवड नसते.

म्हणून मशीनच्या तोंडाशी टी लावून एक गेज बसवा आणि काम चालू असताना पाहा. टाकीचा गेज ७ वर टिकून मशीनचा साडेचारवर पडत असेल, तर दोष लाईनचा. दोन्ही गेज मिळून खाली येत असतील, तर कंप्रेसर लहान आहे किंवा गळती मोठी आहे. हा गेज कंप्रेसरच्या मानाने अगदीच स्वस्त पडतो.

पाईपाचा व्यास हा यातला खरा धनी. आतला व्यास दुप्पट झाला तर तेवढ्याच हवेला दाबाची घट सुमारे बत्तिसावा हिस्सा उरते. बाजारातील अर्धा इंची आणि एक इंची जी.आय. पाईपांचे आतले माप नेमके दुपटीचे नसते, तरीही फरक दहापटीहून जास्त पडतो. उलट, त्याच पाईपावर दुसरी तेवढीच मशीन जोडली, हवा दुप्पट झाली, की घट चौपट होते. धंदा वाढला, मशिनी वाढल्या, पाईप मात्र पहिल्या दिवसाचाच, असे आपल्याकडे फार दिसते. एक इंची एल्बो सुमारे पाऊण मीटर सरळ पाईपाइतकी अडचण करतो. जागा असेल तर लाईन गाळ्याभोवती फिरवून दोन्ही टोके जोडावीत, म्हणजे प्रत्येक मशीनला दोन बाजूंनी हवा येते. पैसे वाचवायला पी.व्ही.सी. पाईप मात्र हवेसाठी वापरू नका. फुटला तर त्याचे तुकडे गोळीसारखे उडतात.

काही जण कंप्रेसरचा स्विच पिळून दाब वाढवतात. दर एक किलो वाढीला वीज साधारण सहा-सात टक्के जास्त लागते, आणि गळतीही वाढते. सेफ्टी व्हॉल्व्हला तर हात लावूच नये.

गळतीचे काय सांगावे! ३ मि.मी.च्या भोकातून ७ किलो दाबाला मिनिटाला पाचशे लिटरहून अधिक हवा निघून जाते. पाच हॉर्सपॉवरच्या कंप्रेसरची जवळजवळ सगळी मेहनत त्यात गेली. पाण्याच्या इस्राफवर आपण घरात पोरांना रागावतो, हा इस्राफ कानावर पडूनही चालवून घेतो.

शुक्रवारी सुट्टी असेल तर टाकी भरून मोटर बंद करा आणि सगळे कॉक तपासा. शांततेत फुसफुस ऐकू येते. नाही आली तर सांध्यांवर साबणाचे पाणी लावा, बुडबुडा जागा दाखवतो. टाकीच्या तळातले पाणीही त्याच वेळी सोडून द्या.