प्रत्येक डिस्कला दोन वाटा

डेटा सेंटरमधल्या स्टोरेज रॅकचा पुढचा भाग दिसायला छान असतो: ओळीने बसवलेल्या डिस्क आणि लुकलुकणारे हिरवे दिवे. पण मला विचाराल तर रॅक मागून बघावा. डिस्कचे शेल्फ त्यांचा कारभार बघणाऱ्या कंट्रोलरला जोडणाऱ्या केबल कुठून निघतात आणि कुठे जातात, यावरच ठरतं की एखादा भाग बंद पडला तर बँकेचे व्यवहार चालू राहतील की थांबतील.

सुरुवात डिस्कपासूनच. ती जोडायच्या दोन पद्धती: साटा आणि सास. साटा डिस्कच्या जोडणीत डेटाची पट्टी आणि विजेची पट्टी यांच्यामध्ये खाच असते. सास डिस्कमध्ये ती खाच भरलेली असते आणि तिच्याच मागच्या अंगाला दुसऱ्या पोर्टच्या पिना दडलेल्या असतात. म्हणजे एकच डिस्क दोन कंट्रोलरशी दोन स्वतंत्र वाटांनी बोलू शकते. त्या भरलेल्या खाचेमुळे आणखी एक मजा होते: साटा डिस्क सासच्या खणात बसते, सास डिस्क मात्र साटाच्या जोडणीत शिरतच नाही.

आता सगळ्यात देखणी युक्ती. प्रत्येक शेल्फच्या मागे दोन मॉड्यूल असतात, अ आणि ब. अ पहिल्या कंट्रोलरचं, ब दुसऱ्याचं. पाच शेल्फ एकाखाली एक लावलेत आणि शेल्फ ते शेल्फ जाणाऱ्या केबलच्या दोन्ही साखळ्या वरूनच खाली आणल्यात असं समजा. तिसरा शेल्फ पूर्ण बंद पडला, की चौथा आणि पाचवा ठणठणीत असूनही दिसेनासे होतात. म्हणून अ ची साखळी वरून खाली आणि ब ची खालून वर न्यायची. मग तिसरा गेला तरी वरचे दोन एका वाटेने सापडतात, खालचे दोन दुसऱ्या. लोकलच्या मार्गावर मधेच रूळ तुटला तर दोन्ही टोकांकडून तिथपर्यंत गाड्या सोडतात ना, तसंच. यासाठी जास्तीची केबल लागत नाही, त्यातली एक थोडी लांब घ्यावी लागते एवढंच.

आणि नुसत्या रेडवर, म्हणजे डेटा अनेक डिस्कवर मिळून सांभाळण्याच्या पद्धतीवर, भागत नाही. पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी 1988 मध्ये मांडलेली रेडची कल्पना एकदोन डिस्क गेल्या तर वाचवते. शेल्फच गायब झाला तर 24 डिस्क एका क्षणात जातात! त्यामुळे नवी जोडणी झाली की खरा डेटा भरण्याआधी एकेक केबल मुद्दाम काढून बघावी, असं माझं ठाम मत आहे.

केबल एक, मार्गिका चार. मिनी सास एचडी केबलच्या प्रत्येक मार्गिकेवर सेकंदाला 12 गिगाबिट, म्हणजे एकूण 48. त्यातली एखादी मार्गिका खराब झाली तर जोडणी तुटत नाही, उरलेल्यांवर चालू राहते. म्हणून दिवा लागलाय यावर समाधान मानू नका, किती मार्गिका चालू आहेत तेही तपासा. शेल्फचं तापमान, पंखे आणि पॉवर सप्लाय यांची खबरही याच केबलमधून कंट्रोलरकडे जाते.

नेटॲपच्या शेल्फचे नंबर म्हणजे छोटं कोडंच. डीएस 4246: उंची 4 यू (यू हे रॅकमधल्या उंचीचं माप), डिस्क 24, वेग 6 गिगाबिट. मग डीएस 460सी? 4 यू, 60 डिस्क आणि सी म्हणजे हेक्साडेसिमलमधला 12! या 60 डिस्क पाच ड्रॉवरमध्ये बाराबारा बसतात आणि भरलेल्या शेल्फचं वजन 100 किलोच्या वर जातं. म्हणून तो रिकामाच रॅकमध्ये चढवतात, तोही शक्यतो तळाला, आणि मग भरतात.

चालू करतानाही क्रम असतो. आधी शेल्फ, कंट्रोलर नंतर. बंद करताना उलट. डिस्कची मोटर सुरू होताना नेहमीपेक्षा जास्त वीज ओढते, म्हणून अनेक शेल्फ आपल्या डिस्क टप्प्याटप्प्याने फिरवायला घेतात.

जुन्या काळी? 1964 च्या आयबीएम सिस्टिम/360 मध्ये ‘बस’ आणि ‘टॅग’ अशा दोन जाडजूड केबल जोडीने एका कंट्रोल युनिटकडून दुसऱ्याकडे जायच्या आणि शेवटी टर्मिनेटर लावावा लागायचा. समांतर स्कझीतही टर्मिनेटर होतेच, दोन्ही टोकांना, आणि 16 बिटांच्या बसवर पत्ते फक्त 16. सासमध्ये कागदावर तरी 65,535 पर्यंत मजल जाते. आता एनव्हीएमई ही नवी जोडणी आल्यावर नेटॲपच्या एनएस 224 शेल्फला सासची केबलच लागत नाही, 100 गिगाबिट इथरनेट लागतं.

शेवटी एक गंमत, जिच्यापुढे उत्तमातली उत्तम केबलही हात टेकते. 2008 मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सच्या ब्रेंडन ग्रेगने डेटा सेंटरमध्ये डिस्कच्या शेल्फसमोर उभं राहून जोरात ओरडून दाखवलं. त्या कंपनांनी डिस्कच्या प्रतिसादाला लागणारा वेळ वाढला आणि पडद्यावरच्या आलेखात तो लगेच उसळलेला दिसला. व्हिडिओ यूट्यूबवर आहे. बघताना हेडफोनचा आवाज आधी कमी करा.