अभिस्तर : समज, गैरसमज आणि तोंडातला पांढरा चट्टा

शाळेत विज्ञानाच्या वहीत अभिस्तर ऊतीची आकृती काढलेली असते. पुढे आयुष्यभर ‘शरीराचे बाहेरचे आवरण’ एवढीच तिची ओळख उरते. ही ओळख फार अपुरी आहे. तोंड, अन्ननलिका, जठर, आतडी, श्वासनलिका आणि रक्तवाहिन्या यांची आतली बाजू अभिस्तराचीच. घामाच्या आणि लाळेच्या ग्रंथीही त्याच्याच. उलट, सगळी त्वचा मात्र अभिस्तर नव्हे. वरची बाह्यत्वचा तेवढी अभिस्तर. तिच्याखालची अंतस्त्वचा ही संयोजी ऊती. गोंदण जन्मभर टिकते ते यामुळेच. बाह्यत्वचेच्या पेशी साधारण महिन्याभरात झडून नव्या येतात. सुई रंग त्यांच्याही खाली, अंतस्त्वचेत सोडते.

‘कातडी सोलवटली की रक्त यायचेच’ असे वाटते. पण अभिस्तरात रक्तवाहिन्या नसतात. प्राणवायू आणि पोषण खालच्या ऊतीतून, दोहोंमधला पातळ पडदा म्हणजे आधारपटल ओलांडून झिरपत येते. रक्त दिसले तर जखम त्याखाली पोचली आहे असे समजावे.

थर जितका जाड तितका चांगला, हेही खरे नाही. घर्षण सोसणाऱ्या तोंडात आणि अन्ननलिकेत पेशींचे अनेक थर असतात. फुप्फुसातील वायुकोशांना मात्र चपट्या पेशींचा एकच थर असतो, कारण त्यातून वायूंची देवाणघेवाण व्हायची असते. लहान आतड्यातही एकच थर, उभट पेशींचा. तो काय आत घ्यायचे आणि काय रोखायचे हे ठरवतो. हे आतडे उलगडले तर टेनिसचे मैदान भरेल, असे अजून शिकवले जाते. स्वीडनमधील संशोधकांनी २०१४ साली नव्याने मोजणी केली, तेव्हा संपूर्ण पचनमार्गाचा आतला पृष्ठभाग सुमारे ३२ चौरस मीटर भरला. म्हणजे बॅडमिंटनच्या अर्ध्या मैदानाहूनही कमीच.

विडी-सिगारेट ओढणारे म्हणतात, ‘सकाळी खोकून कफ पडला की छाती साफ होते.’ वस्तुस्थिती उलटी आहे. श्वासनलिकेतील रोमक पेशी धूळ अडकलेला चिकट द्रव सतत वर, घशाकडे ढकलत असतात. धुराने हे रोम निकामी होतात आणि हळूहळू त्या पेशींच्या जागी चपट्या पेशी येतात. त्यांना रोम नसतात. मग साचलेला कफ काढायला फक्त खोकला उरतो.

अभिस्तराच्या सतत नव्या होणाऱ्या पेशींवरच विषारी द्रव्यांचा पहिला मारा होतो. प्रौढांमधील बहुतेक कर्करोग अभिस्तरातच सुरू होतात ते म्हणूनच. आपल्याकडे त्यात तोंडाचा कर्करोग फार. मिश्रीने हिरड्या घट्ट होतात आणि नुसत्या सुपारीने काही होत नाही, हे दोन्ही समज जीवघेणे आहेत. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. सुपारी तंबाखूशिवायही कर्करोगाला कारण ठरते, असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केला आहे.

‘दुखत नाही, म्हणजे काही नाही’ असे मानून थांबू नका. सुरुवातीच्या गाठी आणि चट्टे बहुधा दुखत नाहीत. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेले तोंडातले व्रण, तोंड पूर्वीसारखे न उघडणे, यांपैकी काहीही दिसले तर लगेच दंतवैद्यांकडे किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयात तपासून घ्या.